वाचनमावशीने परत आणलेली मुलगी

शिवणाच्या कारखान्यात काज-बटणाची खोली अगदी मागे होती. तिथे मशीनचा खडखडाट पोचत नसे, म्हणून तिथल्या बायकांनी फार पूर्वी एक सोय करून घेतली होती. जेवणानंतर एकीने पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाट्याचे शर्ट बाकीच्यांनी आपसात वाटून घ्यायचे. वाचणारी ठरलेली. तिचा आवाज खणखणीत होता, आणि तिने लावलेली बटणं पहिल्या धुण्यालाच हातात येत. तेव्हा तिला वाचायला बसवण्यात सगळ्यांचाच फायदा होता. तिचं नावच वाचनमावशी पडलं.

लोककथांचा एक जुना संग्रह त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला होता. त्यातली कुंभाराच्या मुलीची गोष्ट तर तोंडपाठ. मुलगी आईशी भांडून होडीत बसते, नदीपलीकडे जाते, आई काठावर बसून राहते, संपली गोष्ट. पुढे काय झालं, ते संग्रहात नाही. त्याच गोष्टीच्या पुढची कादंबरी कुणीतरी लिहिली आहे असं कळल्यावर वाचनमावशी वाचनालयातून ती घेऊनच आली.

पहिल्याच दिवशी खोलीत दोन तट पडले. इस्त्रीवालीने नाक मुरडलं.

"जुन्या गोष्टीला हे नवं शेपूट कशाला? म्हणे ती शाळेत जाते, पगार घेते. आपली पोरगी अशी नव्हतीच."

"मग कशी होती? तू बघायला गेली होतीस?" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

आक्का हसली नाही. आक्का खोलीतली सगळ्यात थोरली. काज करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची मुलगी अशीच भांडून घरातून गेली होती. त्याला वर्षं लोटली, ना फोन, ना निरोप. वाचन थांबलं की आक्का एवढंच विचारायची, "उद्या येईल का गं ती परत?"

वाचनमावशी पुढची पानं घरी नजरेखालून घालायची. शेवट वाचला आणि तिने ती पानं पुन्हा उलटून पाहिली. मुलगी परत येतच नव्हती. नदीपलीकडे तिचं बस्तान बसलं होतं, भला नवरा होता, लेकरं होती. चाकावर आपला हात आईसारखा चालतो, असं ती लेकरांना कौतुकाने सांगायची. पण माघारी जायचं नाव नाही.

हे आक्कापुढे कसं वाचायचं?

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि मनचं वाचलं. मुलीला परत आणायचं तर काही कारण हवं, म्हणून तिने तिचे हाल हाल केले. उपाशी ठेवलं, दारोदार फिरवलं, नवऱ्याकरवी घराबाहेर काढलं, आणि मग रडत रडत आईच्या दारात आणून उभं केलं. खोलीतल्या सुया थांबल्या. इस्त्रीवालीसुद्धा मनगटाने डोळे पुसत म्हणाली, "हे बाकी जमलंय." खोटं कशाला बोला, वाचनमावशीला त्या क्षणी स्वतःचा जरा अभिमानच वाटला.

तो काही टिकला नाही. आक्काचा मुलगा तिला आपल्या नव्या घरी न्यायला येणार होता. बोलणं होऊन गेलं होतं, सामान बांधून झालं होतं. आक्काने त्याला तसंच परत पाठवलं. "पोरगी आली आणि दाराला कुलूप दिसलं, तर?" असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. मुलगा रागावून गेला तो गेलाच. आक्का मात्र दिवसेंदिवस वाळत चालली. डबा उघडायची, एखादा घास घ्यायची, झाकण लावायची. आणि तरीही वाचनमावशीच्या वाट्याचे शर्ट ती मुकाट्याने आपल्या गठ्ठ्यात ओढून घ्यायची. ते बघून वाचनमावशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात इस्त्रीवालीने सुनेसाठी पुस्तक मागितलं. आज विसरले, उद्या आणते, असं वाचनमावशी किती दिवस म्हणणार? सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने पुस्तक पिशवीत टाकलं आणि आक्काचं घर गाठलं. आक्का दाराच्या कडीला तेल घालत होती.

"आक्का, मी तुम्हाला फसवलं," ती दारातच म्हणाली. "शेवट माझ्या मनचा वाचला. पोरगी परत येत नाही."

आक्काने तेलाची बाटली खाली ठेवली. "आता वाच. आहे तसं."

वाचनमावशीने वाचलं. तिचा तो खणखणीत आवाज काही केल्या निघेना.

"म्हणजे तिकडे तिला त्रास नव्हता?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"पोटभर जेवत होती?"

"हो."

आक्काने कडीवरून ओघळलेलं तेल पदराने पुसलं. "तू वाचलंस तेव्हापासून माझी पोरगी कुणाच्या तरी दारात उपाशी उभी आहे. घास उचलला की तीच दिसते. नसती आली परत तरी चाललं असतं गं मला. हेच वाचायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. सगळ्या वाचनाची वाट बघत होत्या. आक्काने वाचनमावशीच्या वाट्याचे शर्ट उचलले, घड्या सारख्या केल्या आणि तिच्याच मांडीवर ठेवले.

"पुस्तक इस्त्रीवालीकडे दे," ती म्हणाली. "ती अडखळते, पण आहे तेच वाचते."