पल्परमध्ये पडलेली डबी

उदगीरच्या बाहेर एका पेपर मिलमध्ये मी नऊ वर्षं पल्पर चालवतोय. पल्पर म्हणजे विहिरीएवढा लोखंडी हौद. तळाशी पातं फिरतं, वरून रद्दी आणि पाणी टाकायचं, की लगदा होतो आणि पुढं त्याचा खाकी कागद. ऐकायला काम स्वच्छ वाटतं. गठ्ठे फोडताना काय निघतं ते कुणी विचारत नाही. नासक्या भाजीचे खोके, लहान पोरांचे लंगोट, कधी फुगलेला उंदीर. वासाची सवय होते म्हणणाऱ्याला एकदा माझ्या हौदाच्या काठावर उभं करायचंय मला. लिंबू चोळा, राख चोळा, नखांतला वास काही जात नाही.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीची डबी, डबीत इष्टलिंग. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच पाण्याचा घोट. मिलचा नियम असा की गळ्यात काही घालायचं नाही, आणि आईचा असा की डबी काढायची नाही. मी दोघांनाही फसवत डबी शर्टाच्या आत ठेवायचो.

त्या दिवशी सकाळी एक ओला गठ्ठा फुटला आणि त्यातलं काळं पाणी माझ्या छातीवर आलं. तो घाण कपडा देवाला लागू नये म्हणून मी डबी शर्टाबाहेर काढली. मोठा सोवळ्याचा! लगेच प्लॅस्टिक ओढायला आकडा घेऊन वाकलो, दोरा आकड्यात अडकून तुटला आणि डबी हौदात गेली.

मी पातं बंद केलं. सुपरवायझर धावत आला, पुढची मशीन थांबेल म्हणून ओरडला आणि त्यानं स्वतःच बटण दाबून पातं परत चालू केलं. जड वस्तू तळाच्या सापळ्यात पडतात, तीन वाजता सापळा उघडला की बघा, नाही सापडली तर दुसरी घ्या, म्हणाला. दुसरी घ्यायला ती काय चप्पल होती? पाळण्यात असताना गुरूंनी बांधलेलं लिंग ते. आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "मंग सापडंपतुर पाणी बी पिऊ नको."

तीन वाजेपर्यंत जीभ टाळ्याला चिकटली होती. सापळा उघडला तसा खडे, पिना, बाटल्यांची झाकणं आणि काळा चिखल फरशीवर पसरला. नाकाला रुमाल बांधून मी काठीनं ढोसत बसलो. माझा देव त्यात होता आणि मी हात घालत नव्हतो, हे आज लिहितानाही तोंड कडू होतं.

या ढिगातलं लोखंड वेचायला एक मावशी येतात. मी पल्परवर आलो त्याच्याही आधीपासून त्या तिथं आहेत. काय हरवलंय ते त्यांना कळलं तशा त्या खाली बसल्या आणि कोपरापर्यंत हात चिखलात घातले. पाऊण तास चाचपडत होत्या. एकदा पीन बोटात घुसली, ती दातांनी उपसून थुंकली. मग डबी सापडली. त्यांनी आपली पाण्याची बाटली डबीवर रिकामी केली, पदरानं ती पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

मला डबी दिसलीच नाही. दिसले ते हात, नखांतला काळा चिखल, बोटावरचं रक्त. मी गठ्ठ्याकडं बोट केलं आणि म्हणालो, "तिथं ठेवा."

"धुतलंय आप्पा, प्यायच्या पाण्यानं," त्या म्हणाल्या. डबी गठ्ठ्यावर ठेवली आणि कुणी न सांगता दोन पावलं मागं सरकल्या. ते सरकणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. डबी उचलताना माझे हात बघितले, तर तेही तसलेच काळे.

घरी आईनं लिंग आधी दुधानं धुतलं, मग पाण्यानं. पूजा करून मी तांब्याभर पाणी प्यालो. सगळी माणसं एक, हे आमच्याकडं लहानपणापासून घोकून घेतात आणि मला ते तोंडपाठ आहे. हौदातल्या कुठल्याच घाणीची मला आली नव्हती एवढी किळस त्या रात्री स्वतःची आली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. मावशी हसल्या आणि कामाला लागल्या. पण तेव्हापासून मला आकडा द्यायचा असो की चहा, त्या तो गठ्ठ्यावर ठेवतात आणि बाजूला होतात. हातात द्या, असं मी रोज म्हणतो.

"असू द्या आप्पा," त्या म्हणतात.