ओढ्यापलीकडचा वॉर्ड

“डकवलंय का, भाऊसाहेब?”

दर बुधवारी बाजाराला जाताना त्या चावडीच्या पायरीशी थांबून एवढंच विचारायच्या. मी मान न उचलता “नाही” म्हणायचो. मग त्या फलकापाशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायच्या. माझ्या ‘नाही’वर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो का नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी नगर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावचा तलाठी होतो. गावाच्या दक्षिणेला ओढा, आणि ओढ्यापलीकडे बौद्धवस्ती, साठएक घरांची. त्या तिथल्या. नवरा लवकर गेलेला, मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर कामाला, घरी सून. स्वतः त्या कांदा निवडायला साठवणीच्या चाळीवर जायच्या. आज मी त्यांना ‘त्या’ म्हणतोय. तेव्हा ‘ए बाई’ म्हणायचो, हेही सांगून टाकतो.

मी तिथे रुजू झालो त्याच वर्षी ग्रामपंचायतीचे वॉर्ड नव्याने पाडायचे होते. कच्ची आखणी चावडीवर डकवायची, लोकांच्या हरकती घ्यायच्या, मग तहसीलदारांनी ती कायम करायची, असा रिवाज. गावचे सरपंच वजनदार गृहस्थ. त्या वर्षी ओढ्यापलीकडची ही बाई उभी राहणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती. त्यांनी सुचवली तशी मी हद्दीची रेघ मारली. ती वस्तीच्या मधोमध, समाजमंदिराच्या भिंतीला घासून गेली. अर्धी घरं वॉर्ड दोनमध्ये, अर्धी तीनमध्ये. कुठल्याच वॉर्डात वस्तीच्या मतांना जोर उरला नाही.

नोटीस माझ्या टेबलाच्या खणातच राहिली. ती डकवल्याचा पंचनामा मात्र झाला. सरपंचांच्या ओसरीवर बसून मीच तो लिहिला. पंच वस्तीतला दिसला तर पुढे कोणी बोलणार नाही, म्हणून मतदारयादीतून तिथलं एक नाव उचललं आणि ओसरीवर बसलेल्या कोणाचा तरी अंगठा घेतला. वस्तीला पत्ता लागला तेव्हा त्या चाळीस माणसं घेऊन चावडीवर आल्या. मी त्यांना सांगितलं, मुदत संपली.

त्या तरीही उभ्या राहिल्या आणि अकरा मतांनी पडल्या.

निकालाच्या दिवशी सरपंचांची मिरवणूक मुद्दाम ओढा ओलांडून बाईंच्या दारात नेली. हलगी अर्धा तास तिथेच वाजत राहिली. अंगणात दोन बाजांवर कुरडया वाळत होत्या. पोरांनी मुठी भरभरून कुरडयांवर गुलाल टाकला. बायका शिव्या देत होत्या, त्या मात्र उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. मिरवणूक वळल्यावर त्यांनी त्या गुलाबी कुरडया एकेक करून उचलल्या आणि शेळ्यांपुढे टाकल्या. मी मिरवणुकीच्या मागे होतो. माझ्याही कपाळाला गुलाल होता. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

त्यानंतर पाच वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही, असं म्हटलं तरी चालेल. समाजमंदिरात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला, तिथे त्या पहिल्या दिवसापासून जाऊ लागल्या. बाकीच्या बायका सही शिकून थांबल्या. यांनी वाचायला घेतली ती मतदारयादी. शिकवणाऱ्या मास्तरांनी गोष्टींचं पुस्तक पुढे केलं, तर म्हणाल्या, “गोष्टी नंतर. आदी नावं.”

यादी हातात घेऊन त्या गावभर हिंडल्या. कोणत्या घरात किती माणसं, कुठली गल्ली कुठे संपते, मळ्यांवरच्या वस्त्या कुठून सुरू होतात, सगळं एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवलं. ओढा निळ्या पेन्सिलीने, डांबरी सडक काळ्या. सरपंचांचं घर लाल. कोणी हसून विचारलं, तर सांगायच्या, “रेघंनं मारलंय, रेघंनंच मारीन.”

आम्ही हसायचो. सरपंच तर चहा पिताना त्यांची नक्कल करायचे, आणि तिला मीच दाद द्यायचो. माझी बदली दोनदा निघाली आणि सरपंचांच्या शब्दावर दोनदा थांबली.

मग पुन्हा आखणी आली. या वेळी नोटीस खणात ठेवायची सोय नव्हती. दर बुधवारचा तो प्रश्न सगळ्या गावाला पाठ झाला होता. मी डकवली. त्यांनी फलकापुढे उभं राहून बोट फिरवत ती मोठ्याने वाचली. रेघ तीच होती. तिसऱ्या दिवशी त्यांची हरकत तालुक्याला पोचली.

हरकत मी दोनदा वाचली. एका जागी असलेली वस्ती फोडता येत नाही, हद्द ओढा किंवा रस्ता धरून जावी, हे तर त्यात होतंच. पण ओढा आणि सडक धरून रेघ नेली, तर वस्ती एका वॉर्डात यायची आणि सरपंचांची गल्ली जायची मळ्यांच्या वॉर्डात. मळ्यांवरच्या लोकांचा रस्ता सरपंचांनी आपल्या बांधावर काटेरी कुंपण घालून कित्येक वर्षं अडवला होता. पावसाळ्यात तिथलं आजारी माणूस बाजेवर घालून चिखलातून आणावं लागे. ते लोक सरपंचांना काय मत देणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सरपंचांनी मला बोलावून निरोप दिला. वस्ती एका वॉर्डात करू, बाईची जागा पक्की, फक्त आमची गल्ली आहे तिथे राहू दे. मी ओढा उतरून बाईंच्या घरी गेलो. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

“म्हंजे मला माझं मिळंल,” त्या म्हणाल्या.

“हो. तुम्हाला हवं होतं ते सगळं.” त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना ‘तुम्ही’ म्हणालो.

“सगळं न्हाई, भाऊसाहेब. माझं मिळून माझं पोट भरत न्हाई. त्याचं गेलं पायजे.”

त्यात काय साधणार, असं मी विचारलं. जागा मिळाली की वस्तीची कामं होतील, वैर कशाला वाढवता, असंही म्हणालो. त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. “कामं मी करीनच. पन त्या दिवशी तुमी सगळे माझ्या दारात हसत हुता. ते माझ्या काळजात हाय. च्या घ्या, गार व्हतोय.”

कप तसाच ठेवून मी उठलो.

सुनावणी तालुक्याला झाली. तहसीलदार साहेब नवे होते. सरपंचांच्या वकिलाने सांगितलं, मागच्या वेळी हीच हद्द होती, रीतसर डकवली होती, कोणाचीही हरकत आली नव्हती. त्यावर त्या उठल्या. जुन्या पंचनाम्याची नक्कल त्यांनी तालुक्यातून काढून आणली होती. तो कागद साहेबांना न देता त्यांनी माझ्या हातात दिला.

“भाऊसाहेबांनी वाचावं. अक्षर त्यांचं हाय.”

मी वाचलं. नोटीस चावडीवर सर्वांना दिसेल अशी डकवली, पंचांनी समक्ष पाहिली, पंचाच्या डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. मग पंचाचं नाव वाचलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. बाकावरून त्यांचे दीर उठले. पंच म्हणून लिहिलेलं नाव या दिरांचंच होतं.

“भावजी, हात दाखवा सायबाला.”

त्यांनी डावा हात वर केला. अंगठा नव्हता. तो तरुणपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेला होता. वस्तीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मला नव्हतं, कारण गावचा तलाठी असून मी त्या माणसाचे हात कधी पाहिलेच नव्हते.

साहेबांनी कागद मागून घेतला. मला विचारलं, सही तुमची का? मी हो म्हणालो.

हद्द ओढ्यावरून आणि सडकेवरून गेली. निवडणुकीत त्या वस्तीतून निवडून आल्या आणि सरपंच मळ्यांच्या वॉर्डात सपाटून पडले. बाईंची मिरवणूक सरपंचांच्या दारात गेली. हलगी त्यांनी सडकेवरच थांबवली होती. सगळी माणसं दारासमोर नुसती उभी राहिली, आवाज न करता, अर्धा तास. दार आतून बंद होतं. शेवटी सरपंचांची म्हातारी आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, उन्हात नका उभ्या राहू, बाई. त्यांनी म्हातारीला वाकून नमस्कार केला. पाणी मात्र घेतलं नाही.

माझी चौकशी लागली आणि आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात बदली झाली. निघण्याआधी मी त्यांची माफी मागायला गेलो. त्या सरपंचांच्या बांधापाशी उभ्या राहून मळ्याच्या रस्त्याची मोजणी बघत होत्या. मी मान खाली घालून काय म्हणायचं ते म्हणालो. त्या म्हणाल्या, “मी माफ करनार न्हाई. पन तुमी आलात, ते बरं केलंत.” आणि टेप धरणाऱ्याला म्हणाल्या, नीट ताण.

रस्ता त्यांनी केला. सरपंचांच्या बांधावरचं कुंपण निघालं आणि मळ्यापर्यंत जीप जाऊ लागली. हे मला अकोल्यात ऐकू यायचं. माझ्याकडच्या गावांतल्या पाड्यांवर मी नोटीस डकवायला स्वतः जायचो आणि डकवून झाल्यावर लोकांना वाचून दाखवायचो. हे चांगुलपणाने करत होतो की भीतीने, ते अजून ठरवता येत नाही.

त्यांची मुदत संपायच्या आधीच कावीळ होऊन त्या गेल्या. मला कळलं ते उशिरा. जलदान विधीच्या दिवशी मी एसटीने गावी पोचलो. समाजमंदिरापुढे मांडव होता, मळ्यांवरची माणसं मोठ्या संख्येने आली होती. मी सुनेला भेटलो. थोडं इकडचं तिकडचं बोलून विचारलं, शेवटी काही बोलल्या का? कोणाबद्दल काही?

“रस्त्याचंच बोलत हुत्या,” ती म्हणाली. “मोरीचा पाईप बसवायचा राहिला म्हनून.”

परत निघालो तेव्हा ओढ्याच्या अलीकडे, लिंबाखाली जुने सरपंच बसलेले दिसले. एकटेच. बरेच थकले होते. मांडवात जावं की नाही, हे त्यांचं ठरत नसावं. मला पाहून त्यांनी टोपी सारखी केली. ख्यालीखुशाली काही विचारली नाही.

“भाऊसाहेब, शेवटी माझं नाव निघालं का तिच्या तोंडून?”

“नाही,” मी म्हणालो. “माझंही नाही.”

 त्यांनी मला सरकून जागा करून दिली, आणि एसटीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून राहिलो.