मनगट ढिलं की पिस्तूल?

मैत्रिणींनो, डोकं अजून तापलेलंच आहे.

आज ठाण्याच्या शूटिंग रेंजवर निवड चाचणीत माझ्या नातीचं, सईचं, पिस्तूल दोनदा अडकलं. प्रशिक्षक म्हणाले, "हिचं मनगट ढिलं पडतं, म्हणून गोळी अडकते. पिस्तुलाची कंपनी परदेशी आहे आजी, नेमबाज डोळे मिटून विकत घेतात. हिला संघात घेता येणार नाही."

सई रडवेली झाली. मी म्हटलं, "नेमबाजांनी तरी डोळे उघडे ठेवावेत! तुमचं मनगट घट्ट आहे ना? मग हेच पिस्तूल तुम्ही चालवा."

प्रशिक्षक साहेबांनी पिस्तूल उचललं. दोन गोळ्या सुटल्या. तिसरी अडकली.

"काडतूस खराब असेल," साहेब पुटपुटले.

म्हणजे पोरीच्या हातात मनगट वाईट, साहेबांच्या हातात काडतूस वाईट. कंपनी मात्र सोवळ्यातली!

सईला उद्या दुसऱ्या पिस्तुलाने पुन्हा संधी आहे, तीही मी भांडून मिळवली. ज्या मुलींच्या आज्या भांडकुदळ नाहीत, त्यांनी काय करायचं?