घोंगड्याची भोकं
स्पिरिटचा वास आला की नौबादची माझी एका खोलीची लॅब आठवते. पुण्यात सेंटरिंगच्या कामावर सळई लागून पाय चिघळलेला नवरा बाहेर जीपमध्ये पडून होता आणि त्याची धनगर बायको माझ्या टेबलाशी उभी होती. पुवाचा नमुना काचेवर रंगवून मी स्पिरिटनं धुतला; जांभळा रंग उतरला, नंतर दिलेला गुलाबी तेवढा जंतूंनी धरला. "अक्का, या जंतूला बाहेरून आणखी एक पांघरूण असतंय. त्याला बारीक भोकं असतात, औषध तिथूनच आत जातंय." "घोंगडंच म्हणा की," ती म्हणाली. मग बाहेर जीपकडं बघून, "गावात दिसाआड एकच सुई मारायलेत. घोंगडं थोडं थोडं भिजलं की लोकर फुगतीय, भोकं बुजत्यात. तसं झालं न्हाई न्हवं, अण्णा?" "तसं काही नसतंय," म्हणत मी रिपोर्टवर सही केली. पुढं त्याचा पाय गुडघ्यापासून काढला, असं कळलं. अपुऱ्या औषधाच्या माऱ्यात काही जंतू आपली भोकं कमी करतात, हे मी बऱ्याच वर्षांनी पुस्तकात वाचलं. आता विद्यार्थ्यांना तेच शिकवतो. उदाहरण घोंगड्याचंच देतो. ते कुणाचं, हे सांगत नाही.