दोन्ही हातांत सुरे आणि भर काळेवाडी

हसणार नसाल तरच सांगते. हसायचंच असेल तर चहा संपवा, आपण दुसरं काहीतरी बोलू. कारण त्या प्रकरणाचा राग मला अजून आहे, आणि तो नक्की कुणावर काढायचा हे अजून ठरलेलं नाही.

तर मला एक सुरा घ्यायचा होता. कांदे चिरायचा नव्हे. मोठा, जाड पात्याचा, म्यानात घालून सॅकला लावता येईल असा. डोंगरात तंबू टाकून राहायला जाताना लोक नेतात ना, तसला.

मी चाकणला वायरिंगचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे आणि राहते रहाटणीत. आम्ही कंपनीतल्या काही जणी जोडून सुट्टी आली की कुठेतरी मुक्कामाला जातो. मागच्या खेपेला पवनेच्या काठाला गेलो होतो. चुलीसाठी लाकूड फोडायचं, तर माझ्याकडे घरातली भाजीची सुरी. ती पहिल्याच फांदीत मुठीतून निखळली. मग शेजारच्या तंबूतले पुरुष उठून आले. त्यांनी लाकूड फोडून दिलं, इथवर ठीक आहे. पण त्यानंतर ते आमच्याच चुलीपाशी बसले आणि आम्हाला शिकवायला लागले. चूल कशी मांडायची, दोरीला गाठ कशी मारायची, भात कसा लावायचा. भात. मला. आणि जाताना त्यातला एक म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी कुणाला तरी सोबत आणत जा."

मी तिथल्या तिथे ठरवलं. पुढच्या वेळी सोबत आणणार, आणि त्याला पातं असणार.

काळेवाडीत रफिकभाईंचं दुकान आहे. विळे, कुऱ्हाडी, करवती, सगळं मिळतं. साठीचा मऊ बोलणारा माणूस. शनिवारी दुपारी उन्हं उतरल्यावर महेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला मुख्य रस्त्यावर सोडलं आणि तो गाडी लावायला जागा शोधायला गेला.

"मोठा सुरा दाखवा," मी म्हटलं.

"मटणाचा?"

"नाही."

"नारळाचा?"

"कॅम्पिंगचा. लाकूड फोडायला, दोरी कापायला."

"अच्छा अच्छा. मिस्टरांसाठी?"

इथे माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. त्या दिवशी ते पुन्हा सरळ झालंच नाही.

रफिकभाईंनी दोन सुरे काढून समोर ठेवले. एक लांबडा, सरळ पाठीचा, काळ्या पात्याचा, मुठीला रबर. हातात घेतला की असा बसायचा, जणू माझ्याच मापाने घडवलाय. पण वजनाला हलका. दुसरा आखूड, पण पोटाशी रुंद, मूठ लाकडाची आणि सगळा भार पुढच्या टोकाकडे. तो नुसता सैल सोडला तरी लाकडात शिरेल असं वाटायचं, पण मनगट भरून येत होतं. लांबडा घ्यावा तर फांदी फुटेल का ही शंका. रुंद घ्यावा तर सुतळी कापताना बोट जाईल ही भीती. मी एक ठेवायची, दुसरा उचलायची. दुकानातली ट्यूबलाइट डोळे मिचकावत होती, धार काही नीट दिसेना.

"बाहेर उजेडात बघा ना, मॅडम," रफिकभाई म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. म्हणजे बाहेर जा असं मला त्यांनी सांगितलं. हे मी पोलिसांनाही सांगितलं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

मी पायरीवर आले. एका हातात लांबडा, एका हातात रुंद. आळीपाळीने खालीवर करून वजन बघतेय, तेवढ्यात महेशचा फोन आला. फोन पर्समध्ये, पण कानात ते छोटं बिनवायरचं यंत्र होतं, केसांखाली झाकलेलं. दोन्ही हात अडकलेले, मग मी रुंद सुऱ्याच्या मुठीनेच कानातलं बटण दाबलं. लांबून बघणाऱ्याला ते कसं दिसलं असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. का करावा? मी माझ्या कामात होते.

"कुठे आहेस? मी दुकानासमोर उभा आहे," महेश म्हणाला.

"दुकानासमोर मी उभी आहे. तू नाहीस."

"अगं, रफिकभाईंच्या दुकानासमोरच आहे मी."

"मग दिसत का नाहीस? लपून बसलायस का कुठे? समोर ये."

"तूच ये ना इकडे."

बघा, हा माणूस. काम माझं, सुट्टी माझी, आणि मीच त्याला शोधत फिरायचं. मी तरातरा रस्त्याच्या मधोमध गेले.

"ही बघ, मी इथे मधोमध उभी आहे," मी ओरडले. "आता बाहेर ये. बघू किती वेळ लपतोस."

"बरं, येतो. कुठला घेतलास?"

"ठरतच नाहीये. लांबड्याने हळूहळू, व्यवस्थित कापलं जाईल. पण रुंदाने एका घावात दोन तुकडे."

तेवढ्यात मोबाइलवाल्याचं शटर धाडकन खाली आलं. मग बेकरीचं. मग औषधांच्या दुकानाचं. बघता बघता सगळी रांग बंद. मला वाटलं, कुणी पुढारी गेला असेल, बंद पुकारला असेल. आणि माझी तर दोरी घ्यायची राहिली होती. समोरचा दोरीवाला अर्धं शटर ओढून आत वाकत होता.

"ओ, थांबा," मी धावले. "तुमच्याकडेच येतेय."

त्याने आतून शटर खाली ओढलं आणि कडी लावली. माझ्या तोंडावर. गिऱ्हाईक समोर दिसतंय आणि हा माणूस कडी लावतोय. मी सुऱ्याच्या मुठीने शटर वाजवलं.

"उघडा. दोन मिनिटांचं काम आहे."

आतून आवाज आला, "न्हाई ओ ताई. माझी पोरं ल्हान हायेत."

"असू देत की. मला फक्त दोरी द्या."

आतून अजून बारीक आवाजात, "दोरी कशाला?"

तेवढ्यात बाजूच्या जिन्याखाली बसणारा शिंपी उठून उभा राहिला. त्याला शटरच नव्हतं, बिचारा जाणार कुठे? हात जोडून म्हणाला, "ताई, ब्लाउज झालाय. फक्त हुका राहिल्यात. आत्ता बसल्या बसल्या लावून देतो."

या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"आधी का नाही दिलात?" तरीही माझ्या तोंडून निघून गेलं. कारण शिंप्याने असं म्हटल्यावर बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार? तो मशीनमागे खाली बसला आणि खरंच हुका लावायला लागला.

मग मोटरसायकलवरून दोन पोलीस आले. लांबच थांबले. त्यातला थोराड होता तो गाडीवरून न उतरताच म्हणाला, "ताई, शांत व्हा. ते हातातलं खाली ठेवा."

"खाली कुठे? मातीत? अजून विकत घेतलेले नाहीत."

"विकत घेतलेले नाहीत, मग आणले कुठून?"

मी रफिकभाईंच्या दुकानाकडे लांबड्या सुऱ्याने बोट दाखवलं. म्हणजे बोट नाही, सुराच दाखवला. रफिकभाई धावत आले. "साहेब, साहेब, ते माझे आहेत. मीच दिलेत त्यांच्या हातात."

"म्हणजे तुम्ही पाठवलंय यांना?" पोलिसाने विचारलं.

पुढचा बराच वेळ मी आणि रफिकभाई एकाच वेळी बोलत होतो. कॅम्पिंग, ट्यूबलाइट, पवनेचा काठ, दोरी, सगळं सांगून झालं. मान झटकून केसांखालचं कानातलं यंत्र दाखवलं तेव्हा कुठे पोलीस गाडीवरून उतरले. आणि तेव्हा महेश उगवला. तो मागच्या गल्लीत दुसऱ्याच रफिकभाईंच्या दुकानासमोर उभा होता. कोंबडीच्या. बायको दोन पोलिसांच्या मध्ये उभी आहे हे दिसत असताना हा माणूस पहिलं काय बोलला असेल?

"मग, ठरलं का गं?"

झालं. धोका नाही म्हटल्यावर शटरं अर्धी वर आली, माणसं बाहेर आली आणि ज्याला त्याला मत सुचलं.

"रुंदच घ्या ताई," थोराड पोलीस म्हणाला. "लांबडा नुसता दिसायला."

"काय राव, जड होतो तो चढताना," दुसरा म्हणाला. "मी जातो ना किल्ल्यांवर. लांबडाच बरा."

"लांबड्याला पाठ बारीक आहे, वाकेल," बेकरीवाला म्हणाला.

दोरीवाला अजून शटरखालून वाकूनच बघत होता. तिथूनच म्हणाला, "बायामाणसाला ह्यातलं कंचंच न्हाई झेपायचं. लहान बगा."

सगळे पुरुष. एकूण एक. ज्या गोष्टीपासून सुटायला मी सुरा घ्यायला निघाले, तीच गोष्ट काळेवाडीच्या भर रस्त्यात माझ्याभोवती गोल करून उभी होती. माझ्या डोक्यात जे काही शिल्लक होतं तेही गेलं.

"मला कुणाचाही सल्ला नकोय," मी दोन्ही हात वर करून ओरडले.

सुरे अजून माझ्या हातातच होते. शटरं परत खाली.

या वेळी पोलिसांनी ते काढूनच घेतले. घ्यायचा तर घ्या, पण म्यानात घालून, पिशवीत बांधून न्या, रस्त्यावर नाचवू नका, असं बजावलं आणि सुरे रफिकभाईंच्या हवाली केले. मी त्यांच्या मागोमाग दुकानात शिरले. म्हटलं, आता रागाच्या भरात का होईना, ठरवून टाकते. पण रफिकभाईंनी दोन्ही सुरे कागदात गुंडाळले आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले.

"मॅडम, दोन्ही माल चांगला आहे," ते तितक्याच मऊ आवाजात म्हणाले. "पण मी तुम्हाला नाही देणार."

"का?"

"मला इथंच दुकान चालवायचंय."

घरी आले. रविवारभर विचार केला आणि ठरवलं, यापुढे आवाज चढवायचा नाही. सोमवारपासून कंपनीत हळू, गोड बोलायचं.

आणि काय सांगू, सोमवारी जादूच झाली. मी हळूच म्हटलं, "जरा ट्रे उचलता का?" लाइनवरची पोरं उठून पळाली. स्टोअरचे गायकवाड, जे माल मागितला की आधी चहाला जायचे, ते मला बघून खुर्चीतून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही कशाला आलात? मी आणून देतो ना." आठवडाभर एकही बॅच लेट नाही. माझ्या मागे कुणी कुजबुजत नव्हतं, जेवणाच्या रांगेत मला पुढे जागा मिळत होती. मला वाटलं, बघा, इतकी वर्षं उगीच घसा फोडला.

मॅनेजरसाहेब इतके खूश झाले की त्यांनी मला बाकीच्या सुपरवायझरांसमोर बोलायला उभं केलं. कॅन्टीनमध्ये, माइक देऊन. मी चांगलं अर्धा तास बोलले. माणसं धाकाने काम करत नाहीत, मायेने करतात. शब्दात गोडवा असला की समोरच्याचं मन आपोआप वळतं. सगळे श्वास रोखून ऐकत होते. गायकवाड तर पहिल्या रांगेत, डोळ्याची पापणी न हलवता.

संपल्यावर मी मुद्दाम त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, "गायकवाड, खरं सांगा, यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय पटलं?"

गायकवाड एक पाऊल मागे सरले.

"खरं सांगू का मॅडम? मी काही ऐकलंच नाही. तो काळेवाडीचा व्हिडिओ ग्रुपवर बघितल्यापासून तुम्ही बोलायला लागलात की मी फक्त तुमच्या हातांकडे बघतो."