मॉनिटरवरचं कुंकू

आयसीयूत माझ्या भावाच्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा सकाळी गेले. दुपारी तंत्रज्ञ त्यांचा मॉनिटर पुसायला आला. पडद्याच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट होतं. काल दसरा होता ना! आजींनी यंत्राला हळद-कुंकू वाहून हात जोडले होते, “सांभाळ रे बाबा माझ्या माणसाला.” सिस्टरनं पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

ओलं फडकं एकदाच फिरलं आणि कुंकू निघालं. त्यानं वायरी तपासल्या, मग नाडी मोजायचा चिमटा स्वतःच्याच बोटाला लावला. हिरवी रेघ लगेच नाचू लागली.

“मशीन एकदम ठीक आहे, सिस्टर.”

पुढच्या माणसासाठी ते ठीकच असायला हवं, कळतं मला. तरी वाटत राहिलं, काहीतरी बिघाड निघायला हवा होता. सकाळची ती सरळ रेघ खोटी ठरली असती.