हॉलिवूडचे ‘हे’

आमच्या घरमालकीण आजींइतकी हॉलिवूडशी एकनिष्ठ बाई लंडनच्या हाउन्सलोत दुसरी नव्हती, आणि खुद्द हॉलिवूडमध्ये तर असण्याची शक्यताच नाही. महायुद्धाच्या काळात, मुंबईत शाळेत असताना, पडद्यावर वैमानिक होणाऱ्या एका नटावर त्यांचं मन बसलं ते पंच्याहत्तरी ओलांडली तरी उठलं नव्हतं. त्यांच्या घरातली वरची मागची खोली मी दोन वर्षं भाड्याने घेतली होती. खाली दिवाणखान्यात त्या नटाचा सही केलेला फोटो चंदनी फ्रेममध्ये होता, आणि दिवंगत आजोबांचा पॅसेजमध्ये, कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी. आजोबांना त्या खुशाल “आमचा विनायक” म्हणायच्या. नटाचं नाव मात्र त्यांनी कधीच घेतलं नाही. त्याला म्हणायचं फक्त ‘हे’. “आज दुपारी चॅनलवर ह्यांचा सिनेमा आहे, डाळ तू लाव.” ह्यांचं नाव मला सहा महिन्यांनी एका व्हिडिओ कॅसेटच्या पाठीवर वाचायला मिळालं.

जगातले सगळे पुरुष आजी ह्यांच्या मापाने मोजत. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला चहा देऊन झाल्यावर मला हळूच म्हणाल्या, “कामाचा आहे, पण पेटत्या विमानातून सगळ्यांत शेवटी उडी मारेल असा वाटत नाही.” आमच्या छपरावरून दर दोन मिनिटांनी एक विमान हीथ्रोला उतरायचं. एखादं घिरट्या घालत राहिलं की आजी कपडे वाळत घालता घालता वर बघून म्हणत, “हे असते तर एव्हाना उतरवलं असतं.” मला सर्वांत धास्ती वाटे ती त्यांच्याबरोबर सिनेमाला जायची. लढाईच्या दिवसांत खेळ संपल्यावर इंग्लंडच्या राजाच्या गाण्याला उभं राहायची पद्धत होती. राजा गेला, गाणं वाजेनासं झालं, तरी आजी उभ्या राहतच, आणि श्रेयनामावलीतल्या शेवटच्या सुताराचं नाव पडद्यावरून सरकेपर्यंत हलत नसत. झाडू घेऊन आलेली बाई आमच्याकडे बघत थांबायची. चारचौघांत मला साधं शिंकायलाही संकोच वाटतो. पण आजी बाही ओढून म्हणत, “ताठ उभी राहा. लाजायला काय झालं?”

एका शनिवारी त्यांचा हा ताठपणा डळमळलेला मी पाहिला. त्यांची शाळेपासूनची मैत्रीण सुमन बर्मिंगहॅमला राहायची. सुमनकडेही ह्यांचा सही केलेला फोटो होता. तिथल्या लायब्ररीत जुन्या वस्तूंची पारख करणारा एक गृहस्थ येणार होता, आणि सुमनआजींनी फोन केला, “तुझापण घेऊन ये गं. दोघींचे दाखवू.” फोन ठेवून आजी पायरीवर बसल्याच. मला म्हणाल्या, “तू चल माझ्याबरोबर. वेळ पडली तर इंग्रजीतून काहीतरी थाप मारशील.”

ट्रेनमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. दोघींनी एकाच दिवशी अमेरिकेला पत्रं टाकली होती. सात महिन्यांनी आजींना सही केलेला फोटो आला, पाकिटावर युद्धकाळातल्या सेन्सॉरची तपकिरी चिकटपट्टी. सुमनला काहीच आलं नाही. तिचा थोरला भाऊ ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता, त्याचंही पत्र येणं थांबलं होतं. “पोस्टमन त्या घरासमोर आला की चालायचा वेग वाढवायचा. मला बघवेना.” तेव्हा आजींनी थिएटरबाहेर मिळणारं फोटोकार्ड घेतलं. साबणाच्या जाहिरातीत ह्यांची सही छापलेली होती, ती चार दिवस पाटीवर गिरवली आणि दौतीच्या शाईने फोटोवर केली. पाकिटाला तशीच तपकिरी पट्टीसुद्धा लावली, आणि ते सुमनच्या घरी पोचवलं. “भाऊ काही परत आला नाही. त्या वर्षी तिच्या घरी आलेलं ते एकच पाकीट. आणि आज तो मेला पारखी भिंगातून बघून सगळ्यांसमोर सांगणार, खोटं आहे म्हणून.”

पारखी गृहस्थ ब्लेझरमध्ये होता आणि फार सभ्य होता. पाठीमागे वीस-पंचवीस माणसं रांगेत होती. आधी त्याने आजींचा फोटो घेतला, भिंग लावलं, आणि दिलगिरीच्या सुरात म्हणाला, ही सही नटाची नाही. युद्धाच्या काळात पत्रांचे ढीग यायचे, स्टुडिओतल्या सेक्रेटरी मुली बसून सह्या करायच्या. मग सुमनआजींचा घेतला. बराच वेळ बघितला. “ही मात्र त्याच्या हातची. हे वळण मी ओळखतो. जपून ठेवा.”

सुमनआजींनी फोटो छातीशी धरला. डोळे भरून आले होते, तरी टोमणा मारायचा राहिला नाही. “बघ गं! इतकी वर्षं मिरवलंस. खरे ‘हे’ माझेच निघाले.”

आजींनी तोंड उघडलं. ती सही माझी, एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर त्यांच्या फोटोवर नाही, निदान त्यांच्या हातच्या कसबावर तरी शिक्कामोर्तब झालं असतं. मी थाप शोधू लागले.

“मग!” आजी म्हणाल्या. “मी तेव्हाच म्हटलं होतं तुला, तुझं पत्र जास्त चांगलं होतं.”

परतीच्या ट्रेनमध्ये त्या फ्रेम मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी माझं अर्धं सँडविच पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पण खाल्लं नाही.

“म्हणजे तिकडेही कुणी पोरगी दिवसभर बसून हेच करत होती,” त्या म्हणाल्या.

“हो, आजी.”

“माझ्याएवढीच असेल. लढाई चालू होती गं. तीही कुणाच्या तरी पत्राची वाट बघत असेल.”

स्वेटरच्या बाहीने त्यांनी काच पुसली, आणि सहीवरून सावकाश बोट फिरवलं.

“किती सुबक अक्षर आहे बघ. एवढ्या ढिगातसुद्धा माझ्यासाठी घाई केली नाही तिने.”